भिंगातून मला दिसलं होतं

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. मग तुम्हाला का सांगतोय — ठाऊक नाही.

नव्वदच्या दशकात मी आलापल्लीकडच्या एका दवाखान्यात मोठा डॉक्टर होतो. मोठा म्हणजे काय — दुसरं कोणी नव्हतंच. मग सुजाता आली. चंद्रपूरची, नागपुरात शिकलेली, माझ्याहून बरीच लहान. तिच्याकडे दिवा असलेलं एक भिंग होतं. चेहऱ्यावरच्या डागावर तेलाचा थेंब टाकायची, भिंग टेकवायची, की कातडीच्या आतलं दिसायचं. हा नुसता तीळ, हा कॅन्सर पण कोवळा, हा खोल गेलेला — बघून सांगायची. नागपूरला पाठवलेले पेशंट परत आले की बहुतेक वेळा तिचंच खरं ठरलेलं असायचं.

लोक माझ्या दारावरून पुढे जायला लागले. "भिंगवाल्या बाई कुठी बसतात?" हे मलाच विचारायचे. मी हसून बोट दाखवायचो. आणि आत जे जळत होतं — ते कसं सांगू? तिनं चुकावं असं वाटायचं मला. एकदा तरी.

मल्लय्या सिरोंच्याकडचा, गोदावरीत मासे धरणारा. डोळ्याच्या कोपऱ्याशी, नाकाला लागून काळी पुळी. सुजातानं पाहून सांगितलं, कॅन्सर आहे, पण सुरुवातीचा. आत्ताच काढला तर निभेल, नागपूरला जा. तो घाबरून माझ्याकडे आला.

"बाई नागपूरले जा म्हणते. तुमी मोठे डाक्टर. तुमी सांगा, जाऊ का नाई?"

सुजाता जेवायला गेली होती. मी तिचं भिंग उचललं. थेंब टाकला. आणि दिसलं — निळसर करडे ठिपके, कडेला मोत्यासारखी चकाकी, फांद्या फुटाव्यात तशा बारीक लाल रेषा. ओळखायला मला तिनंच शिकवलं होतं. समजलं नाही, असं मी म्हणू तरी कसं?

"काही नाही, साधी पुळी आहे," मी म्हणालो. मलम दिलं.

केवढा खूश होऊन गेला तो.

पुढच्या वर्षी पावसाळ्यानंतर आला, तेव्हा पुळी फुटून जखम डोळ्यात उतरली होती. मी तिथंच उभा होतो. सुजातानं त्याला विचारलं, "काऊन नाई गेले, भाऊ?"

मल्लय्यानं माझ्याकडे पाहिलं. मी बोलेन, याची वाट पाहत होता का? मग खाली मान घालून म्हणाला, "जाळ्याचं काम होतं, बाई. राहून गेलं."

मी नागपूरची चिठ्ठी लिहायला घेतली.

नागपूरला त्याचा डोळा काढावा लागला. जीव वाचला. सुजाता मात्र कितीतरी दिवस स्वतःलाच बोल लावत राहिली — माझंच सांगणं कमी पडलं, सर. "असं होतं कधी कधी," मी म्हणालो. होय, हेच शब्द.

त्यानंतर असा प्रत्येक पेशंट ती आधी माझ्याकडे घेऊन यायची. "सर, तुम्ही सांगा यांना. तुमचं ऐकतात." मी भिंगातून बघायचो आणि नागपूरला जायला सांगायचो. लोक जायचे.

आणि खरं सांगू? मला बरं वाटायचं.