पाइपावरचा हुंकार

आमच्या विहिरीतली मोटर दुरुस्त करणारा माणूस दर वाक्यामागे विचारतो, "आयकून राह्यल्या ना वहिनी?" मी हुंकार दिला नाही तर पुढचं बोलतच नाही. पान्हा हातात धरून नुसता माझ्या तोंडाकडे पाहत राहतो. मला त्याचा वैताग यायचा.

पाइपाच्या तळाशी शेवाळ अडकलं की तो दम धरून बुडी मारतो आणि खालून पान्ह्यानं लोखंडी पाइपावर ठोकतो. मी वरून दगडानं ठोकलं की मगच कामाला लागतो. म्हणजे पाण्यातही त्याला हुंकार हवाच.

यंदा आम्ही लोखंडी पाइप काढून काळा प्लास्टिकचा टाकला. परवा त्यानं बुडी मारली. मी पाइपाला कान लावला, पण काहीच ऐकू येईना. दगडानं ठोकलं तर नुसतं भद्द वाजलं. ते प्लास्टिक आवाज गिळत होतं. पाण्यावरचे बुडबुडेही थांबले. नवरा वांगी घेऊन चिखलीला गेलेला, शिवारात दुसरं कुणी नाही. मी वेड्यासारखी ठोकत सुटले.

तेवढ्यात तो उसळून वर आला. काम तसंच टाकून, ठेचकाळत पायऱ्या चढला आणि मला पाहून मटकन खाली बसला.

"वहिनी, जवाब काऊन नाही देल्ला? मी ठोकून राह्यलो, ठोकून राह्यलो... मले वाटलं, वर तुमालेच काही झालं!"

मग तो माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. आणि माझ्या तोंडून हुंकार फुटेना.