काचेच्या पेटीतलं डाळिंब

मिरजगावच्या आमच्या वाचनालयात मालनबाई अकरा वर्षं झाडलोट करतात. त्यांची केरसुणी फरशीवरून अशी फिरते की वाटावं, कुणीतरी झोपलेल्या माणसाशी हळू बोलतंय. वय साठीच्या पुढे. उन्हाळ्यात अर्ध्या गावाच्या कुरडया आणि पापड त्यांच्या अंगणातल्या खाटांवर वाळतात. शाळा चौथीपर्यंत. अकरा वर्षांत त्यांना पुस्तक उघडून बसलेलं मी एकदाही पाहिलं नाही, आणि मी तिथे रोज असतो.

दिवाळीला आमच्या गावचे, आता नगरला सावेडीत राहणारे अवधूत इंजिनिअर यांनी वाचनालयाला एक पुस्तक दिलं. देशोदेशीच्या चित्रांचं, गुळगुळीत कागदाचं, दोन्ही हातांनी उचलावं लागेल एवढं जड. कार्यवाह शामकांत सरांनी त्यासाठी सुताराकडून काचेची पेटी करून घेतली. वर मधोमध लाकडी पट्टी, पुढे बारीक कुलूप. दारात पाय ठेवताच दिसावं म्हणून पेटी पूर्वेच्या खिडकीखाली ठेवली, आणि सरांनी स्वतः पान निवडलं. निळ्या ताटलीत फोडलेलं डाळिंब. दाणे असे की हात पुढे व्हावा. लोक येऊन बघून जायचे. एक बागाईतदार बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "काढलंय झ्याक. पन ह्यो भगवा न्हाई, दुसरी जात हाय."

महाशिवरात्रीनंतरच्या एका सकाळी पेटीत डाळिंब नव्हतं, पांढरा घोडा होता. दुसऱ्या दिवशी नदी आणि होड्या. तिसऱ्या दिवशी सर माझ्याजवळ येऊन बसले.

"बन्सीभाऊ, पेटी कुणीतरी उघडतंय. किल्ली सरस्वतीच्या तसबिरीमागे असते, हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही."

"मला माहीत आहे," मी म्हणालो.

सर माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले.

भीती खरी होती. चांगली चित्रं पात्यानं कापून चौकटीत बसवून विकणारे लोक असतात, असं सरांनी ऐकलं होतं. येत्या रविवारी अवधूत इंजिनिअर पुस्तक बघायला येणार होते. एक जरी चित्र कमी निघालं तर सरांना तोंड दाखवायला जागा उरली नसती. तेव्हापासून वाचनालयाची हवाच बदलली. गुंडाळलेलं वर्तमानपत्र काखेत घेऊन कुणी उठला की सरांची नजर दारापर्यंत त्याच्या मागे जाई. माझ्या पिशवीवरही ती दोनदा येऊन गेली.

मग सरांनी सापळा लावला. पुस्तकाला कीड लागू नये म्हणून आम्ही कडुनिंबाचा पाला ठेवतोच. त्यातलं एक पान त्यांनी चित्राच्या डाव्या कोपऱ्यात, देठ खाली करून ठेवलं. सकाळी चित्र बदललेलं होतं. नव्या चित्राच्या डाव्या कोपऱ्यात तेच पान होतं, देठ खाली.

"चोर व्यवस्थित आहे," सर म्हणाले. हसले मात्र नाहीत.

शुक्रवारी मी दिवस उगवायलाच समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसलो. हायवेवरून उसाच्या ट्रॉल्या जात होत्या, आणि दोन ट्रॉल्यांच्या मधून मला वाचनालयाची खिडकी दिसत होती. मालनबाईंनी झाडून घेतलं. पदराला हात पुसले. तसबिरीमागून किल्ली काढली, पेटी उघडली, एक पान उलटलं, पाला नीट ठेवला, कुलूप लावलं. एवढ्या सावकाश, जणू निजलेल्या लेकराची कूस बदलावी.

मी सरांना सांगितलं. सांगताना मला बरं वाटलं, कारण आता माझ्या पिशवीकडे कुणी बघणार नव्हतं. ही गोष्ट मी लपवत नाही.

"रविवारच्या आधी दुसरी बाई बघतो," सर म्हणाले.

मालनबाईंना बोलावलं. सरांनी त्यांच्यासमोर एकेक चित्र मोजलं. एकशे चाळीस. सगळी होती. मोजून झाल्यावर सरांचा आवाज उलट चढला.

"मग पेटी कशाला उघडता?"

"ऊन वाटून द्याया," मालनबाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"खिडकीतनं सकाळचं ऊन नीट पुस्तकावर येतंय, सर. रंगीत लुगडं आमी उलटं करून वाळत घालतो. हितं तर एकच चित्र दिवाळीपासनं उन्हात पडलेलं. मंग म्या रोज एक पान उलटाया लागले. ज्याच्या त्याच्या वाट्याला एक दिस."

"मला सांगायचं होतं."

"सांगितलं की. तुमी म्हनला, मालनबाई, झाडायचं बघा. मंग पेटीवर फडकं टाकलं, तर म्हनला, लोकांना दिसत न्हाई."

मला ते फडकं आठवलं. मीच उचलून दिलं होतं.

"माझं खरं वाटत नसंल तर तुमचं डाळिंब काढा," त्या म्हणाल्या.

सरांनी पान काढलं. दाणे फिकट गुलाबी झाले होते. डाळिंबाचा पेरू झाला होता. फक्त मधोमध, पेटीच्या लाकडी पट्टीची सावली जिथे पडायची तिथे, बोटभर रुंदीची एक रेघ अजून लालभडक होती. सर त्या रेघेवर चष्मा काढून वाकले.

"तरी किल्ली आता माझ्याकडेच राहील," शेवटी ते म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या की. पन मंग पान तुमीच उलटायचं. ऊन खिडकीत यायच्या आत."

रविवारी अवधूत इंजिनिअर आले. रंग अजून कसे ताजे आहेत म्हणाले, पान रोज कोण बदलतं असंही विचारलं. सर खाकरले. "मी बदलतो. शिकवलं मालनबाईंनी," असं म्हणून त्यांनी पुढचं वाक्य घाईनं चहाकडे वळवलं. मालनबाई कप ठेवत होत्या. त्यांचा हात थांबला नाही.

आता सर रोज साडेसहाला येतात आणि पान उलटतात. परवा ते जाऊन बसल्यावर मी पेटीजवळ सहज उभा होतो. मालनबाई झाडता झाडता आल्या, काचेतून वाकून बघितलं आणि समाधानानं मान हलवली.

"काय बघता?" मी विचारलं.

"सर इसरले की काय ते," त्या हळूच म्हणाल्या. "काल त्यांनी पेटी उघडली तवा त्यांच्या नकळत पानात केरसुणीची काडी ठिवली हुती. हालली हाय."