तिसरी घंटा

सांगलीच्या नाट्यगृहाला नवी व्यवस्थापक आली होती, पंचविशीतली पोरगी. नाट्यगृह चालवायचं शिक्षण पुण्यात घेतलेली. चालता चालता वाकडी खुर्ची गुडघ्यानं सरळ करायची. तिचा तो पहिलाच प्रयोग. वेळ झाली, पण प्रमुख पाहुणे साहेब आले नव्हते.

शेवटच्या रांगेत मी आणि जाऊबाई होतो. त्या पोरीनं जाऊबाईंना विचारलं, "मावशी, गाव कुठलं?"

"कडेगाव," जाऊबाई म्हणाल्या. "शेवटची एसटी गाठायची, म्हणून नाटकाचा शेवट कवाच बघाय मिळत न्हाई."

ती सरळ घंटेकडे निघाली. नाट्यगृह समितीचे काका मागं धावले. "आगं, साहेब यायचेत! नोकरी जाईल!"

"जाऊ दे. मावशींची एसटी जायला नको." आणि तिनं तिसरी घंटा दिली.

साहेब अंधारात आले. चालू नाटकात पुढं न नेता तिनं त्यांना माझ्याच शेजारी बसवलं.

"काय झालं ओ आतापर्यंत?" ते कुजबुजले.

परक्या माणसाशी मी बोलत नाही. पण पोरीची नोकरी डोळ्यांपुढं आली आणि मी नाटकाची आतापर्यंतची सगळी गोष्ट सांगितली.

मध्यंतरात काका त्यांना पुढच्या सोफ्यावर न्यायला आले.

"नगं," साहेब म्हणाले. "ह्या ताई लय झ्याक सांगत्यात."

दाराशी उभ्या पोरीनं तेव्हा कुठं श्वास सोडला.