दोन सूर्यांच्या गावची विहीर

पेंटर अण्णांनी आयुष्यात एकही व्हिडिओ गेम खेळला नाही. तरीही एका गाजलेल्या गेममधल्या परग्रहावर पाणी कोणत्या दिशेला वाहतं, हे आमच्या स्टुडिओत फक्त त्यांनाच माहीत होतं. ज्यांनी तो गेम बनवला त्यांनाही ते माहीत नव्हतं. तसं त्यांनी आम्हाला लेखी कळवलं होतं.

अण्णा मूळचे चिंताकीच्या बाजूच्या एका वाडीतले. वडील मेंढरं राखायचे. अण्णांनी काठीऐवजी ब्रश धरला आणि सीमाभागातल्या औरादला येऊन पाट्या रंगवू लागले. माझं माहेर औरादचं. आमच्या बुद्धविहाराची भिंत त्यांनीच रंगवली होती. पिंपळाखाली बसलेले बुद्ध काढायचे होते. विहाराचं काम पाहणाऱ्या माझ्या वडिलांना अण्णांनी विचारलं, "गुरुजी, झाडाखाली बसले म्हंजे पानातून ऊन गळून अंगावर ठिपके पडले असतील की. काढू का नको?" वडील शाळामास्तर होते, प्रश्नाला उत्तर द्यायची त्यांना सवय होती. या प्रश्नाला त्यांना दोन दिवस लागले. शेवटी ते "काढा" म्हणाले. ते ठिपके अजून आहेत. नव्याने येणाऱ्याला वाटतं भिंतीचा पोपडा गेलाय.

मग उदगीरला फ्लेक्स छापायचं मशीन आलं. दुकानदार सकाळच्या बसने जायचे आणि दुपारच्या बसने मालकाच्या फोटोसकट पाटी घेऊन यायचे. अण्णांनी याबद्दल कधी कुरकुर केली नाही. म्हणायचे, "मशीन 'उद्या या' म्हणत न्हाई. मी तीस वर्षं तेच म्हणायलो."

मी तेव्हा हैदराबादला एका ॲनिमेशन स्टुडिओत समन्वयक होते. म्हणजे कोणतं चित्र कोणाकडे अडलंय याची यादी घेऊन फिरायचं. स्टुडिओ एका साड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होता. दारावरचा वॉचमन अण्णांचा पुतण्या निघाला. त्याने काकांना सांगितलं, इथं मागची चित्रं रंगवायला माणूस पाहिजे. कार्टूनमध्ये पुढची माणसं हलतात आणि मागचं घर, डोंगर, आभाळ स्थिर राहतं. ते मागचं कागदावर हाताने रंगवायचं काम आमच्याकडे होतं. पंचावन्नीच्या पुढचे अण्णा कागदांची गुंडाळी बगलेत मारून हजर झाले.

आर्ट डायरेक्टर सरांनी परीक्षा म्हणून उद्ध्वस्त शहर काढायला सांगितलं. कॉलेजातून आलेल्या मुलांनी मोडके मनोरे काढले. अण्णांनी औरादची बंद पडलेली जिनिंग मिल काढली. सरांनी विचारलं, "धूळ भिंतीच्या एकाच बाजूला का?" अण्णा त्यांना तेलुगूत म्हणाले, वारा एकाच बाजूने येतो. सरांनी खिडकीबाहेर पाहिलं आणि त्यांना ठेवून घेतलं.

काम मोठं होतं. परदेशातल्या एका कंपनीचा अंतराळयुद्धाचा गेम अमाप खपला होता. त्याच विश्वावर सहा छोटे चित्रपट जपानी ॲनिमेच्या ढंगात करायचे आणि एकत्र एका डिस्कवर काढायचे, असं कंपनीने ठरवलं. सहा चित्रपट, सहा जपानी दिग्दर्शक. त्यातल्या तिसऱ्याची पार्श्वचित्रं फिरत फिरत आमच्याकडे आली. सोबत त्या विश्वाची माहिती देणारा जाडजूड इंग्रजी ग्रंथ आला. बंदुकांवर शंभरेक पानं होती.

अण्णांनी तो ग्रंथ चित्रांवरून वाचला. ग्रहाचं नाव कुणालाच नीट म्हणता यायचं नाही. अण्णा त्याला 'वरलं शिवार' म्हणत. सहा पायांच्या लोखंडी शत्रूंना ते 'खेकडे' म्हणत आणि शिरस्त्राण कधीच न काढणाऱ्या नायकाला 'टोपडंवाला'. आठवड्याभरात सगळा स्टुडिओ असंच बोलू लागला. मीटिंगमध्ये सर गंभीरपणे विचारायचे, "खेकडे डोंगराच्या अलीकडे की पलीकडे?"

आमच्या चित्रपटात या टोपडंवाल्याचं बालपण होतं. खेकड्यांनी त्याचं गाव जाळलं, त्याच्या आदल्या दिवशीची आणि त्या दिवशीची गोष्ट. गेममध्ये ते गाव म्हणजे सहा घरं. खेळणारा अर्ध्या मिनिटात त्यातून पळत जातो, एकाही घराचं दार उघडत नाही. चित्रपटात मात्र दारं उघडायची होती.

अण्णांनी मला बोलावलं. माझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठा माणूस मला अक्का म्हणायचा.

"अक्का, हे लोक खातेत काय?"

"ग्रंथात नाही अण्णा."

"पाणी कुठनं आणायलेत? मेल्यावर कुठं पुरतेत? वारा कोणत्या अंगानं येतो? विचारा की जरा."

मी ते सगळं इंग्रजीत लिहून कंपनीला पाठवलं. आठ दिवसांनी उत्तर आलं : या बाबी ठरवलेल्या नाहीत. अण्णांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

"म्हंजे पाणी कुठलं ते ठाव न्हाई, आन् गावासाठी लढाई करायलेत?"

"होय."

"बरं," म्हणून त्यांनी ब्रश धुतला.

ग्रहाला दोन सूर्य होते. अण्णांनी कॅन्टीनमधल्या एका टेबलावर दोन दिवे लावले, मध्ये स्टीलचा पेला ठेवला आणि दोन दिवस त्या टेबलावर कुणाला बसू दिलं नाही. कॅन्टीनवाल्याशी भांडण झालं, ते कन्नडमध्ये झालं आणि अण्णा जिंकले. मग त्यांनी सांगितलं की वरल्या शिवारात प्रत्येक वस्तूच्या दोन सावल्या पडायला पाहिजेत, आणि गेममध्ये तर एकच पडते. मी हेही कंपनीला कळवलं. त्यांचं उत्तर आलं की आजवर हे कुणाच्या लक्षात आलेलं नाही. अण्णा म्हणाले, "पळत जाणाऱ्याला सावली दिसत न्हाई. पोरांचा दोष न्हाई."

गाव रंगवायला त्यांना तीन आठवडे लागले. जांभळ्या दगडांची घरं, काट्यांचं कुंपण घातलेला जनावरांचा वाडगा, वाऱ्याकडे पाठ केलेलं खळं. आणि मधोमध विहीर. विहिरीच्या आधी त्यांनी घरी औरादला बायकोला, सुभद्राकाकूंना, फोन लावला. मी शेजारीच होते.

"तू वाडीत पाण्याला जायचीस, तवा घागर कुठं टेकवायचीस गं? ... काठावर न्हाई? मग? ... खालच्या दगडावर. व्हय, व्हय. त्याला खळगा पडलेला. कोणत्या बाजूला? ... अगं कामासाठीच इचारायलोय!"

विहिरीशेजारच्या दगडाला त्यांनी घागरींनी पडलेला खळगा काढला. दोन सूर्यांच्या उजेडात खळग्यालाही दोन सावल्या होत्या.

चित्र कंपनीकडे गेलं आणि चौथ्या दिवशी परत आलं. कंपनीचा एक तरुण माणूस होता. गेममध्ये नसलेली कुठलीही गोष्ट चित्रपटात येऊ नये, एवढंच त्याचं काम. त्याने कळवलं : या गावात विहीर नाही, ती काढून टाकावी. सर घाबरले. हे काम गेलं तर पुढचं काम नाही, आणि आम्ही चाळीस माणसं त्यावर होतो. ते अण्णांपाशी आले. "अण्णा, विहीर बुजवा. वाद नको."

"बुजवतो की," अण्णा म्हणाले आणि पांढरा रंग कालवू लागले. बराच वेळ कालवला. मग मला म्हणाले, "अक्का, त्या साहेबाला येक इचारायचं होतं. बुजवायच्या आधी."

दुसऱ्या दिवशी तीन ठिकाणचे लोक फोनवर आले : कंपनीचा तरुण, टोकियोत दिग्दर्शक आणि त्याचा दुभाषी, इकडे आम्ही. दिग्दर्शक म्हातारा होता. तो फारसं बोलत नसे. फोनवर आहे की नाही हेसुद्धा दुभाष्यालाच विचारावं लागे. अण्णा मराठीत बोलायचे, मी इंग्रजीत सांगायचे, तिकडे त्याचं जपानी व्हायचं.

"विहीर बुजवली तर घागर पण काढून टाकावी लागंल," अण्णा म्हणाले. "चित्रात त्या पोराची माय घागर घेऊन यायली, तवा खेकडे पडतेत. घागर न्हाई तर बाईला घराबाहेर पडायला कारण न्हाई. बाई घरात असली तर पयल्याच दणक्यात मरती. मग पोराला उचलून पळायचं कुणी? पोरगं तिथंच मेलं तर टोपडंवाला आला कुठून? तुमचा गेमच न्हाई."

मी जसंच्या तसं सांगितलं. 'टोपडंवाला'ला इंग्रजी शब्द सापडेना, तिथे जरा अडखळले. कंपनीचा तरुण म्हणाला की त्याला वरिष्ठांशी बोलावं लागेल.

तेवढ्यात जपानी दिग्दर्शक बोलला. दुभाष्याने सांगितलं, "सर विचारत आहेत, दगडावरचा खळगा कुणी सुचवला?"

"घरच्यांनी," अण्णा म्हणाले.

"ते गाव अजून आहे का?"

मी अण्णांकडे पाहिलं. त्यांनी खांदा खाजवला. "हाय की. विहीर पण हाय. घरं हायत. माणसं न्हाईत तेवढी. निम्मी पुण्याला गेली, निम्मी इकडं आली." मग म्हणाले, "तिथं कुणी जाळलं-बिळलं न्हाई, तसं सांगा त्यांना."

मी सांगितलं. मग दुभाषी म्हणाला, "सर म्हणतात, विहीर राहील. विहीर नसेल तर दुसरा दिग्दर्शक शोधा."

विहीर राहिली. दोन महिन्यांनी त्या ग्रंथाची सुधारलेली प्रत आली. त्यात एक नवं वाक्य होतं : या गावात एक विहीर आहे. मी ते अण्णांना वाचून दाखवलं. "पाणी खारं का गोडं, ते न्हाई लिवलं," ते म्हणाले.

चित्रपट संपला आणि स्टुडिओने कागद-रंग बंद करून सगळं काम कॉम्प्युटरवर घ्यायचं ठरवलं. अण्णांना काचेची पाटी आणि तिच्यावर चालणारा पेन मिळाला. त्यांनी मनापासून प्रयत्न केला. तिसऱ्या दिवशी सवयीने त्यांनी पेन पाण्याच्या डब्यात बुडवला आणि पेन गेला. दुसरा मिळाला, तोही आठवड्यात तसाच गेला. अण्णाच सरांकडे गेले. माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "जायलोय अक्का. मशीनचं काही चुकलं न्हाई. माझा हातच ओला हाय." ब्रश त्यांनी मुलांना वाटून टाकले. ज्या मुलाने कधी कागदावर रंगवलं नव्हतं त्याने सगळ्यात मोठा मागून घेतला.

श्रेयनामावलीसाठी कंपनीने नावं मागवली तेव्हा अण्णा गावी पोचले होते. हजेरीवर त्यांचं नाव 'पेंटर अण्णा' एवढंच होतं. मुदत संपत आलेली, म्हणून मी इंग्रजी अक्षरांत तेच लिहून पाठवलं. तिकडे 'अण्णा'चं 'ॲना' झालं. डिस्क निघाल्यावर काही महिन्यांनी स्टुडिओला एक पत्र आलं. सहा चित्रपटांच्या चित्रांचं पुस्तक निघणार होतं, आणि 'कुमारी ॲना पेंटर' यांनी विहिरीच्या चित्राबद्दल दोन ओळी लिहाव्यात, शक्य असल्यास स्वतःचा फोटो द्यावा, अशी विनंती होती. इंटरनेटवर तर लोकांची चर्चा चालली होती की ही मुलगी कोणत्या देशाची असावी. बहुमत पोलंडच्या बाजूने होतं.

मी पत्र आणि डिस्क घेऊन औरादला गेले. ती आमची शेवटची भेट. पुढच्या उन्हाळ्यात अण्णा गेले. झोपेतच, कुणाला 'उद्या या' न म्हणता. मला ते पंधरा दिवसांनी आईच्या फोनवर कळलं.

भेटीच्या दिवशी मात्र ते खुशीत होते. पत्र ऐकून म्हणाले, "चूक दुरुस्त करू नका. बाईच समजू द्या. इहीर बाईनंच सांगितल्याली हाय." दोन ओळी काय लिहू, विचारल्यावर म्हणाले, "पाणी गोडं हाय म्हणून लिवा." मी तेच पाठवलं. पुस्तकात ते छापलं, फोटोच्या जागी विहीर छापली.

शेजाऱ्यांकडून डिस्क लावायचा प्लेअर आणला. लाइट यायची वाट पाहत आम्ही चहा प्यायलो. दुपारी लाइट आली. चित्रपट अकरा मिनिटांचा. अण्णांचं गाव त्यात दीड मिनिट दिसतं, आणि मग जळतं. सुभद्राकाकू टीव्हीच्या अगदी जवळ बसल्या होत्या. विहीर दिसताच म्हणाल्या, "ही आपलीच की ओ." खळगा दिसला तेव्हा पदर सारखा केला. मग आभाळातून खेकडे पडले आणि पंधरा सेकंदांत सगळं संपलं. वाडगा, खळं, जांभळी घरं.

काकू वळून अण्णांकडे बघत राहिल्या. "येवढं मांडलाव कामून, जाळायचंच होतं तर?"

"जाळायचं आधीच ठरल्यालं होतं. माझ्या हातात त्याच्या आधीचंच होतं."

काकू पुन्हा टीव्हीकडे वळल्या. मग मला म्हणाल्या, "मग तेवढंच लाव बाई."

चारची बस होईपर्यंत मी तेवढंच लावत राहिले. आभाळात पहिली ठिणगी दिसायच्या आत बटण दाबायचं, पुन्हा मागे न्यायचं. काकू प्रत्येक वेळी एकेक घर कुणाचं ते सांगत गेल्या, अण्णा मान डोलावत गेले. एकदा माझा अंगठा चुकला तर काकूंनी तोंड फिरवलं. मी उठले तेव्हा गाव पडद्यावर थांबलेलं होतं. टीव्ही बंद करायला गेले तर अण्णांनी हात केला.

"ऱ्हाऊ द्या अक्का. लाइट हाय तवर ऱ्हाईल."