गौरीची बॅटल आणि माझा खांदा

देवघरातलं निर्माल्य मी कधी कचऱ्यात टाकत नाही. पिशवीत साठवते आणि जमेल तेव्हा विसर्जन करते. लेकीच्या ऑफिसातल्या गोष्टींचं तसंच झालंय. सुकल्या तरी टाकवत नाहीत, आणि पिशवी काही रिकामी होत नाही!

आमची गौरी मोशन ग्राफिक्स करते. म्हणजे जाहिरातीत अक्षरं उडत येतात, डब्याचं झाकण आपोआप उघडतं, लवंग गिरकी घेऊन कढईत पडते, ते सगळं हलवणारी ती. नायगावच्या आमच्या चाळीत हे समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले. शेजारच्या परबकाकूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "गो, पण ता हलवूक शिकूचा कित्याक लागता? वाऱ्यान हलताच मा सगळा!"

आमचे हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, "चित्रं हलतात ते ठीक. नोकरी कधी जागेवर बसणार?"

कारण गौरी कॉन्ट्रॅक्टवर होती. वर्ष भरत आलं की तिला घरी बसवायचे आणि चार दिवसांनी पुन्हा बोलवायचे. परमनंट व्हायचा रस्ता एकच. बॅटल!

*

ही बॅटल म्हणजे काय, ते मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, मुलांना शिक्षाच केली आहे. स्टेजवर दोन टेबलं, दोन कॉम्प्युटर. विषय तिथल्या तिथे द्यायचा. अर्ध्या तासात छोटी फिल्म पुरी करायची. मागच्या मोठ्या पडद्यावर दोघांचे स्क्रीन सगळ्यांना दिसतात. कानाशी डीजे, डोक्यावर उलटं धावणारं घड्याळ, समोर कंपनीचे क्लायंट आणि घरची माणसं. जिंकेल तो परमनंट. हरेल त्याला टी-शर्ट.

गौरीच्या समोर दर वर्षी क्लाइड. दादरचा मुलगा, तिचा जिवाभावाचा मित्र, माझ्या हातच्या थालीपिठावर जीव टाकणारा. दोघंच जुनी कॉन्ट्रॅक्टवाली. त्यांचे सर म्हणायचे, "फ्रेंड्स लढले की एनर्जी येते!"

ऑफिस परळच्या एका जुन्या मिलमध्ये आहे. माझे सासरे तिथेच साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचे. पहिल्या बॅटलच्या दिवशी मी मुलांसाठी साबुदाणा वडे घेऊन गेले, तर काचेच्या दारातला वॉचमन डबा बघून म्हणाला, "डिलिव्हरी मागच्या गेटने!"

मी सांगायला तोंड उघडलं, तर ह्यांनी माझा हात धरला.

"चल. बाबांचंही तेच गेट होतं."

*

पहिल्या वर्षी गौरी हरली ती नावामुळे.

ही मुलं काम करताना चित्राचे तुकडे एकावर एक रचतात आणि ओळखायला प्रत्येक तुकड्याला नाव देतात. ऑफिसात ती नावं बघतं कोण? स्वतःची स्वतःला. स्टेजवर मात्र सगळं पडद्यावर! विषय होता 'उत्सव'. गौरी घाईत. सवयीने नावं देत गेली. 'तोरण', 'दिवा', 'दिवा नीट'... आणि मग माझ्या डोक्याएवढ्या अक्षरांत उमटलं, 'सरांना आवडणारं भंगार'.

सभागृहात हशा. क्लायंटही हसले. सर सगळ्यांत जास्त हसले, आणि हसत हसतच क्लाइडच्या बाजूला जाऊन उभे राहिले.

क्लाइडलाही त्या वर्षी परमनंट केलं नाही. सर म्हणाले, "अपोनंटच्या चुकीने जिंकणं म्हणजे जिंकणं नाही."

घरी येताना गौरी म्हणाली, "आई, चूक एकच झाली. ते नाव अख्ख्या कामालाच द्यायला हवं होतं."

*

दुसऱ्या वर्षी मी सोळा सोमवार धरले होते. क्लाइडची आई, फिलोमिना, दर बुधवारी माहीमच्या चर्चमध्ये नोव्हेनाच्या प्रार्थनेला जात होती. आम्ही शेजारी शेजारी बसलो. माझ्या हातात रुद्राक्षाची माळ, तिच्या हातात रोझरी.

काम संपलं की कॉम्प्युटर ते भाजून काढतो. गौरीचा शब्द 'रेंडर', पण मला ते भाजणंच वाटतं. पडद्यावर एक पट्टी भरत जाते. पूर्ण भरली की फिल्म तयार. घड्याळ संपत आलेलं आणि दोघांच्याही पट्ट्या शेवटच्या टोकाला अडकलेल्या!

फिलोमिना डोळे मिटूनच पुटपुटली, "ताई, तुमचा देव कितीवर थांबलाय?"

"नव्व्याण्णववर."

"माझा पण तिकडेच. दोघं बोलत बसले असतील."

भोंगा वाजला. फिल्म कुणाचीच झाली नाही. सर माइकवर म्हणाले, "रिझल्ट इम्पॉर्टंट नाही, स्पिरिट इम्पॉर्टंट आहे!" दोन टी-शर्ट दिले. दोन्ही एक्सएल. माझी गौरी त्यात दिसेनाशी झाली.

मी म्हटलं, "असू दे. पुढच्या वर्षी होईल."

*

तिसऱ्या वर्षी माझा उजवा खांदा धरला होता. वेणी घालता येईना, मांडणीवरचा डबा निघेना. आरती मात्र मी सोडली नाही. तबक वर नेताना खांद्यापाशी कळ यायची. हात क्षणभर थांबायचा, मग कसाबसा पुढचा वळसा घ्यायचा. गौरी टाळ्या वाजवता वाजवता रोज बघायची.

त्या वर्षीचा विषय, 'श्रद्धा'. क्लाइडने मेणबत्तीची ज्योत केली. अशी सुरेख डोलणारी, की मी मनातल्या मनात हात जोडले. गौरीने फक्त एक हात केला. हिरव्या बांगड्या, आरतीचं तबक. तबक वर जातं, खांद्याच्या उंचीला अडकतं, थरथरतं, आणि मग पुढे जातं.

माझा हात आपसूक खांद्याकडे गेला. ह्यांनी चष्मा पुसायला घेतला.

सर म्हणाले, "आयडिया छान, पण मूव्हमेंट बघा. मध्येच अडकते. तीन वर्षांनी अजून स्मूथ जमत नाही?"

गौरी म्हणाली, "सर, तो हात तसाच चालतो."

"मग क्लायंटला काय सांगू, हात आजारी आहे?"

पुन्हा हशा. क्लाइड परमनंट झाला. फिलोमिनाने मला मिठी मारली आणि माझ्याआधी तीच रडली.

*

पुढे मार्गशीर्षातला गुरुवार आला. दादरच्या फुलबाजारात वेणी घ्यायला गेले होते. समोरच्या इमारतीवर मोठा स्क्रीन, त्यावर दिव्याच्या तेलाची जाहिरात. एक हात, एक तबक. तबक वर गेलं... अडकलं... थरथरलं...

फुलवाली म्हणाली, "काकू, ही जाहिरात रोज लागते. मला लय आवडते. बिचारीचा खांदा दुखतोय बघा!"

माझ्या हातातली वेणी तिथेच राहिली.

संध्याकाळी क्लाइड घरी आला. थालीपीठ पुढे केलं तर हात लावेना.

"आंटी, हात तुमचाच आहे. मी फक्त बांगड्यांचा कलर चेंज केला. सर बोलले, ग्रीन लोकल वाटतो, गोल्ड कर."

"अरे, पण गौरी तर हरली होती ना?"

"स्टेजवर केलेलं सगळं कंपनीचं असतं, आंटी. हरलेलं पण."

गौरी ताट पुसत होती. म्हणाली, "खा रे. तुझा काय दोष?" आणि पुसलेलंच ताट पुन्हा पुसायला लागली.

*

तर गौरी परमनंट झाली. कशी, ते सांगते.

ती जाहिरात भारी चालली. तेलवाल्यांना तोच हात आणखी हवा होता. वेगळी समई, वेगळं तबक, पण अडखळणं तेच. क्लाइडने करून पाहिलं. गौरीलाही त्याच कामाला बसवलं. क्लायंट म्हणे, हे खोटं वाटतं. मग मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी दुपारी कॅमेरा घेऊन सर स्वतः आमचा जिना चढून आले. चपला बाहेर काढल्या, देवीला वाकून नमस्कारही केला. खोटं कशाला बोलू?

"काकू, आरती करायची फक्त. आम्ही शूट करणार. त्यावरून ही मुलं बनवतील. आणि सोमवारपासून गौरी परमनंट, माझा शब्द!"

मी हातपाय धुतले. हिरव्या बांगड्या सारख्या केल्या. नारळावरच्या मुखवट्याला गजरा घातला, निरांजन लावलं आणि देवीला ओवाळलं.

सरांनी स्क्रीन पाहिला. चेहरा पडला.

"काकू, हे तर एकदम स्मूथ झालं!"

"हो ना!" मी आनंदाने म्हटलं. "खांदा सुटला माझा. गुरुवार केले, डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम केले. देवीची कृपा!"

 गौरी खिडकीबाहेर बघायला लागली. सरांनी घसा खाकरला.

"काकू... जरा दुखतंय असं करा ना."

"सर, प्लीज," गौरी म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. मग देवीकडे पाहिलं. तबक उचललं, वर नेलं, खांद्यापाशी थांबवलं. हात थरथरवला. डोळे मिटले आणि तोंडातून निघालं, "आई गं!"

"सुपर, काकू!" सर उडालेच. "परफेक्ट! अजून एकदा घेऊ. फक्त तो आवाज नको. आवाज आम्ही स्टुडिओत टाकू."