भिंतीवरची बाई

मैनाचे हात कधी रिकामे दिसायचे नाहीत. शिळफाट्याच्या अलीकडे, मुंबई-पुणे रस्त्याला लागून असलेल्या घरात ती सून म्हणून आली तेव्हापासून वाडीतल्या बायका तिच्या कामाचं कौतुक करायच्या. झाडलोट असो, सारवण असो नाहीतर भाताची लावणी, मैना पुढे. कामाची एवढी हौस कुणाला असते? मैनालाही नव्हती. तिला फक्त हात गुंतवून ठेवायचे असायचे. हात मोकळा राहिला की नकळत पदराखाली जायचा, एक केस चिमटीत धरायचा आणि उपटायचा. मग दुसरा. चुलीवर भात शिजेपर्यंत मांडीवर केसांचा पुंजका झालेला असायचा, आणि तो कधी झाला हे तिचं तिला कळायचं नाही. पोशीरला माहेरी, लहानपणीच हे सुरू झालं होतं. का, ते तिला सांगता आलं नसतं. पुंजका ती गुपचूप चुलीत टाकायची आणि जळक्या वासाने दरवेळी पकडली जायची.

तिची सासू गौराबाई जिभेने तिखट आणि मनाने भाबडी. तिने सुनेच्या डोक्याला कडुनिंबाचं तेल चोळलं, बोटांना चिंध्या बांधल्या, भगताकडून अंगारा आणला. भगताने कोंबडं मागितलं, तेही दिलं. कोंबडं भगताच्या पोटात गेलं आणि मैनाचे केस जायचे तसे जातच राहिले. माथ्यावर तळव्याएवढी जागा उघडी पडली. एकदा नदीवर धुणं धुताना पदर सरकला आणि वाडीभर बोभाटा झाला. पण बोभाट्याचंही वय असतं. लोक चार दिवस बोलले आणि पेरणीला लागले. मैनाने पदराला पिन लावायला सुरुवात केली.

नवरा सहदेव खोपोलीला गिरणीत कामाला होता. पगारातून त्याने घराची रस्त्याकडची भिंत विटांची बांधली, वर गिलावा केला. बाकी वाडी कुडाच्या भिंतींची, त्यामुळे सहदेवची मान ताठ. सत्तर सालच्या उन्हाळ्यात मुंबईहून एक रंगारी आला आणि म्हणाला की या भिंतीवर केसांच्या तेलाची जाहिरात काढू द्या, घराला चुना फुकट मारून देतो. सहदेवने चित्र काय असेल ते विचारलंही नाही. मैना त्या वेळी भावाच्या लग्नाला पोशीरला गेली होती.

परत आली ती दुपारच्या एसटीने. गाडी थांबायच्या आधीच खिडकीतून तिला घराची भिंत दिसली. भिंतीवर दोन बाया होत्या. उजवीकडची लांबसडक वेणी पुढे घेऊन हसणारी, खाली लिहिलेलं ‘शहाणी’. डावीकडचीचे डोळे तिरळे, जीभ बाहेर, दोन्ही मुठींत उपटलेले केस, डोक्यावर टक्कल. खाली ‘वेडी’. गाडीतले लोक चित्रातल्या वेडीकडे बोट दाखवून खदखदून हसत होते. मुंबईत खुर्चीत बसून ज्याला हे चित्र सुचलं त्याला आपण किती गमतीदार असंच वाटलं असणार. मैना खाली उतरली आणि पदर कपाळापर्यंत ओढून, भिंतीकडे न बघता घरात गेली.

विसरलेली गोष्ट त्या चित्राने पुन्हा गावाच्या तोंडी दिली, आणि आता तिला वय नव्हतं, कारण भिंत रोज तिथेच होती. पोरं ओरडायची, मैनावैनी, तुमचा फोटू लागला. फाट्यावरचा चहावाला पत्ता सांगायचा तोही ‘वेडीच्या घराच्या पुढं’ असा. गिरणीत बरोबरचे गडी सहदेवला विचारू लागले की तेल फुकट मिळालं का. सहदेव वाईट नव्हता, पण लाजेने माणूस दुष्ट होतो. त्याने आईला सांगून टाकलं की मैनाला पोशीरला पाठवू, केस आले की आणू. केस यायचे नाहीत हे तिघांनाही ठाऊक होतं. मैनाच्या भावाला निरोप गेला.

भाऊ यायच्या दिवशी सकाळी मैनाने गोठ्यातून शेणाची पाटी भरली. गोवऱ्या नेहमी मागच्या कुडावर थापायच्या असत. ती पाटी घेऊन पुढे गेली, रस्त्याकडे पाठ करून उभी राहिली आणि पहिला गोळा वेडीच्या तिरळ्या डोळ्यावर थापला. दुसरा जिभेवर. गिलाव्याच्या नव्या भिंतीवर शेण बघून सहदेव धावत आला. कंपनीची माणसं येतील, शोभा झाली, असं काहीबाही बोलत त्याने तिचं मनगट धरलं. मागोमाग गौराबाई आली.

मैना आयुष्यात पहिल्यांदा त्या दोघांसमोर मान वर करून बोलली.

“हिला दुखत असंल, ह्ये चितर काढणाऱ्याच्या डोस्क्यात आलंच नाय का वो, आत्याबाई?”

गौराबाई जागच्या जागी थांबली. इतकी वर्षं तिने तेल चोळलं, बोटं बांधली, शिव्या घातल्या. हा प्रश्न तिच्याही डोक्यात कधी आला नव्हता, आणि ते तिला आत्ता कळलं. तिचा आवाज एकदम खाली आला.

“दुखतं का गं तुला?”

“उपटताना नाय दुखत. तवा बरं वाटतं. मंग दुखतं. दिसभर दुखतं.”

गौराबाईने मुलाचा हात सुनेच्या मनगटावरून काढला. लुगड्याचा काचा खोचला, पाटीत हात घातला आणि वेडीच्या मुठींवर शेण थापायला लागली. सहदेव घरात गेला. दुपारी भाऊ आला तेव्हा मैनाचे हात कोपरापर्यंत शेणाने भरलेले होते. गौराबाईने त्याला जेवू घातलं आणि एकट्यालाच परत पाठवलं.

दिवाळीनंतर तोच रंगारी चित्र ताजं करायला आला. अर्धी भिंत गोवऱ्यांनी भरलेली बघून तो चिडला. गौराबाईने त्याला पाणी दिलं आणि सांगितलं की शहाणीला हवा तेवढा रंग लाव, ह्या बाजूला हात लावायचा नाय. त्याने कारण विचारलं.

“त्या बाईला दुखत व्हतं,” ती म्हणाली.

रंगाऱ्याला काही समजलं नाही. तो डबे उचलून निघून गेला.

मैना तेव्हा ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. सूप मांडीवर तसंच राहिलं होतं आणि एक हात पदराखाली गेला होता. गौराबाईने ते पाहिलं. पूर्वी तिने तो हात फटका मारून खाली ओढला असता. आज ती शेजारी बसली, हात खाली येईपर्यंत थांबली, आणि मग सूप दोघींच्या मध्ये ओढून तांदूळ निवडू लागली.