शेजारी पेटता कामा नये

कुठलीही वस्तू तो आधी उलट्या हाताने बघायचा. चहाचा कप, जिन्यातली हायझुंग, म्हणजे घर गरम ठेवणारी लोखंडी जाळी, माझ्या नातीचं कपाळ. बोटांची मागची बाजू टेकवायची आणि पटकन काढायची. "तळहाताला उशिरा कळतं, आबा," म्हणायचा. एखाद्या सवयीवरनंच लक्षात राहतात अशी माणसं तुम्हीही बघितली असतील.

हॅम्बर्गला माझ्या मुलाच्या घरावरच्या मजल्यावर तो राहायचा. पुण्याचा इंजिनिअर, चाळिशीतला. विजेवर उडणाऱ्या छोट्या विमानांच्या बॅटऱ्या करायचा. मी चौथी शिकलेला, पण कराडला हायवेवर जन्मभर ट्रकच्या बॅटऱ्या चार्ज केल्यात. पहिल्याच दिवशी त्याला विचारलं, "तुझ्या बॅटरीत पाणी कुठनं घालतात?"

हसला नाही. "पाणी नसतं, आबा. आत असतं ते पेटतं."

एकदा त्यानं एक ॲल्युमिनियमचा डबा आणून माझ्यापुढं ठेवला. आत बोटाएवढ्या नळ्या दाटीनं उभ्या, त्यांना सेल म्हणतात. मधला एक जळून कोळसा झालेला, भोवतीचे सगळे नवेकोरे. मुद्दाम पेटवून बघितला होता म्हणे. दोन सेलांच्या मध्ये अभ्रकाची पातळ भिंत, आणि धूर विमानाबाहेर काढायला वेगळी वाट.

"गाडी पेटली तर उतरून पळता येतं," तो म्हणाला. "आभाळात कुठं उतरणार? एक गेला तर जाऊ दे. शेजारी पेटता कामा नये."

"वजन वाढतं की ह्या भिंतींनी."

"वाढतं. त्यावरनंच रोज भांडतो ऑफिसात. पण शेजारी पेटता कामा नये." हे त्याचं पालुपद.

गेल्या हिवाळ्यात माझी बायको इथंच गेली. त्यानंतर तो रोज संध्याकाळी खाली यायचा. माझ्या कपाला उलटा हात लावून बघायचा आणि गार झाला असला तर सुनेला सांगून दुसरा आणायचा.

उन्हाळ्यात त्यानं बायको आणि मुलीला पुण्याला पाठवलं. टेस्टिंग चालू आहे, घरी यायला होत नाही, म्हणायचा. दिवसेंदिवस वाळत चालला. मी म्हणायचो, "लेका, तू पण विमानात बसवणार काय स्वतःला? वजन उतरवतोयस ते."

"गेनाऊ, आबा, अगदी तसंच," म्हणायचा आणि जिना चढायला लागायचा.

एका दुपारी जिन्यातच बसलेला सापडला. मनगटावर क्रांकनहाउसची, म्हणजे दवाखान्याची पट्टी. मी उलटा हात त्याच्या कपाळाला लावला. भट्टी. पोटात कॅन्सर होता. बायकोला विमानात बसवलं तेव्हाच त्याला ठाऊक होतं.

"मला का सांगितलं नाहीस?"

"तुम्ही नुकतेच होरपळलेले."

"आणि तिला?"

"तिला फोन करायचा नाही, आबा. शपथ घ्या."

"मी कुणाच्या शपथा घेत नाही."

"शेजारी पेटवणार तुम्ही."

"अरे, बायको म्हणजे काय सेल आहे? शेवटी माझ्या बायकोचं डोकं माझ्या मांडीवर होतं. भाजलो असेन, ते माझं मी भाजलो. तेवढंच माझ्याजवळ उरलंय. तिचं तेवढंही काढून घेतोस?"

तो भिंतीला धरून वर गेला. मी सुनेकडनं त्याच्या बायकोचा नंबर घेतला आणि लावला. काय झालंय ते सांगितलं. मग तिनं विचारलं, "जेवतात का हो ते?"

ती मुलीला घेऊन आली. त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलला नाही. मी दवाखान्यात गेलो की कूस बदलायचा. नाही तर नाही. मी खुर्ची ओढून त्याच्या पाठीशी बसायचो. ती पायथ्याशी बसून त्याचे पाय मांडीवर घ्यायची. ते पाय त्यानं एकदाही मागं घेतले नाहीत, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

तो गेल्यावर, पुण्याला परत निघताना तिनं तो डबा माझ्या हातात दिला.

"आबांना द्या म्हणाले होते."

"आणखी काही म्हणाला?"

"नाही."

डबा खिडकीत ठेवलाय. सकाळी उठलो की आधी त्या काळ्या सेलला उलटा हात लावतो. मग शेजारच्यांना.

सगळे सारखेच गार.